तुम्ही विचारलंत म्हणून: माशांच्या पोटातले शिसे

२०२२ च्या दिवाळीपासून हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला, हे मोजणे मी सोडून दिले आहे. फराळाच्या ताटासमोर, कार्यालयातल्या लिफ्टमध्ये, सांगलीहून आलेल्या चुलतभावाच्या फोनवर शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न तोच राहतो: "तुमच्या त्या बास माशांच्या स्पर्धांतही सगळे असेच करतात का हो?" असेच म्हणजे ३० सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला झाले तसे. ज्याच्या माशांचे वजन जास्त तो जिंकतो अशा ईरी सरोवरावरच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या जोडीचे मासे आयोजकाने सर्वांसमोर फाडले, आतून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडे निघाले, आणि ती चित्रफीत जगभर पोहोचली. त्या दोघांनी पुढे गुन्हा कबूल केला, त्यांना दहा दिवसांची कैद झाली आणि त्यांची होडी गेली. ते मासे वॉलआय जातीचे होते, बास नव्हते, आणि ती स्पर्धा आमच्यापैकी कोणाची नव्हती, हे मी प्रत्येक वेळी सांगतो; प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा सांगतो की त्याला या तपशिलाशी काही देणेघेणे नाही.

तर उत्तर: नाही. अलाबामातल्या गंटर्सव्हिल जलाशयावर मी नऊ वर्षे स्पर्धांत उतरलो, शेकडो वेळा वजनकाट्याच्या रांगेत उभा राहिलो, आणि शिसे भरलेला मासा मी एकदाही पाहिला नाही. पण एवढे बोलून मी आजवर थांबत आलो आहे, आणि ते थांबणे प्रामाणिक नव्हते, म्हणून हा लेख.

लबाडीची भीती या खेळात नंतर शिरली असे समजू नका. तिच्यावरच त्याची उभारणी झाली आहे. माँटगोमेरीचा विमा एजंट रे स्कॉट याने १९६७ साली आर्कान्सॉमधल्या बीव्हर लेकवर १३ राज्यांतले १०६ जण प्रत्येकी १०० डॉलर घेऊन जमवले, तेव्हा गावोगावच्या मासेमारीच्या शर्यती फसवणुकीसाठी बदनाम होत्या आणि कोणी बोट ठेवू शकणार नाही अशी स्पर्धा त्याला हवी होती. १९७१ च्या पहिल्या क्लासिकसाठी, म्हणजे बास मासेमारीच्या अजिंक्यपद स्पर्धेसाठी, त्याने २४ स्पर्धकांना विमानात बसवले आणि कोणत्या पाण्यावर जायचे आहे हे विमान उडाल्यावरच सांगितले. ते नेवाडातले लेक मीड निघाले. अगोदर कळले असते तर प्रत्येकाने तिथल्या माहीतगारांना फोन केले असते. मासा कुठे बसला आहे ही माहिती शिशापेक्षा किती तरी मोलाची असते, हे तो ओळखून होता. नंतर मासे मारू नका, जिवंत वजन करा आणि परत सोडा, हा आग्रहही त्यानेच १९७२ मध्ये धरला, आणि आज या खेळाची समाजात जी काही पत आहे ती बरीचशी त्यातून आलेली आहे.

पैशाचे थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दलचे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. २०१४ आणि २०२० मध्ये आमच्या गंटर्सव्हिलवर क्लासिक झाली, अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या भव्य सभागृहात दिव्यांच्या झोतात वजने झाली, विजेत्याला ३ लाख डॉलर मिळाले; तुम्ही पाहता तो हा खेळ. त्याच्या खाली जे आहेत ते स्वतःच भरलेल्या प्रवेश शुल्कातून जमलेल्या बक्षिसासाठी एकमेकांशी झुंजतात. माझ्या शर्टावर सात कंपन्यांची नावे होती. त्यांतली एक मला आमिषे सवलतीत देत असे आणि बाकी सहा मी स्वतःच्या खर्चाने छापून घेतली होती, कारण कोऱ्या शर्टाच्या माणसाकडे आठवी कंपनी बघणार नाही असे मला वाटत होते. या कंपन्यांना हवा असतो तो दुकानातल्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल असा चेहरा: साधा, कुटुंबवत्सल, दिलेल्या शब्दाला जागणारा. तो चेहरा एकदा डागाळला की पुढे कितीही वजनाचे मासे आणले तरी उपयोग नसतो. माझा डागाळला तो २०२१ च्या एप्रिलमध्ये.

शनिवारची स्पर्धा होती, दोघांची जोडी, प्रवेश शुल्क २०० डॉलर, पहिले बक्षीस ६,००० डॉलर. नियम असा की सोमवारपासून स्पर्धा संपेपर्यंत स्पर्धेबाहेरच्या कोणाकडूनही माशांच्या जागेबद्दल माहिती घ्यायची नाही. गुरुवारी संध्याकाळी मी पंपावर होडीत पेट्रोल भरत असताना ओळखीचा एक म्हातारा मासेमारीचा गाइड शेजारच्या पंपावर आला आणि बोलता बोलता म्हणाला, की पुलाच्या पूर्वेला बारा फूट पाण्यात शिंपल्यांचा थर आहे आणि काल तिथे दोन तास मासे थांबलेच नाहीत. अशा वेळी म्हणायचे वाक्य आम्हा सर्वांना पाठ असते: "शनिवारी माझी स्पर्धा आहे, कृपा करून काही सांगू नका." मी ते पूर्वी अनेकदा म्हटले होते. त्या दिवशी म्हटले नाही. मी काही विचारले नाही आणि त्याला थांबवलेही नाही. पंपाचा आकडा पाहत उभा राहिलो.

शनिवारी सकाळी साडेसात ते दहा या वेळात आम्ही त्या थरावरून पाच मासे काढले, २४ पौंड ६ औंस. माझा जोडीदार वेल्डर आहे, इथलाच, याच पाण्यावर वाढलेला. त्याला ती जागा मीच दाखवली आणि जुन्या खुणेवरून सापडली असे सांगितले. ते निखालस खोटेही नव्हते, कारण होडीवरच्या माझ्या नकाशाच्या यंत्रात तिथून जेमतेम दोनशे फुटांवर तीन वर्षांपूर्वीची खूण होती. काट्यापाशी त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने, अंगावर आमच्यासारखाच शर्ट, दोन मोठे मासे हातांत धरून छायाचित्र काढून घेतले, आणि मग ते मासे सोडण्यासाठी टाकीत गेले.

विजेत्यांची पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याची, चाचणी होते, हे प्रवेशअर्जावर लिहिलेले असते. आमिषांच्या दुकानामागच्या खोलीत परीक्षकाने माझ्या छातीभोवती नळ्या गुंडाळल्या, दंडावर पट्टा बांधला, बोटांना चिमटे लावले आणि सगळे प्रश्न आधी वाचून दाखवले, म्हणजे कोणता प्रश्न येणार हे मला माहीत होते. मासे आजच पकडले का, हो. स्पर्धेच्या पाण्याच्या हद्दीबाहेर गेलात का, नाही. बंदीच्या काळात कोणाकडून माहिती घेतलीत का, नाही. तो प्रश्न तीनदा आला आणि मी तीनदा नाही म्हटले. कोणी दिली का, असे त्याने विचारले नव्हते, घेतली का असे विचारले होते. एवढ्या एका क्रियापदावर मी सगळा भार टाकला होता. जोडीदार चाचणीत स्वच्छ ठरला. माझा निकाल त्या प्रश्नावर "समाधानकारक नाही" असा आला, आणि नियमाप्रमाणे आम्ही दोघेही बाद झालो.

चाळीस मैलांच्या परतीच्या वाटेत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या दारात मुलगी वाट पाहत होती. तो तिला म्हणाला, "त्यांचं यंत्र बिघडलं होतं, बाळा." मी शेजारी उभा होतो.

त्यानंतर मी आयोजकांना चार पानांचे पत्र लिहिले. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना नोकरांची अशी चाचणी घेता येत नाही, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये ती सक्तीने करण्यास मनाई केली आहे. जे यंत्र कामगारावर चालवण्याची परवानगी नाही ते स्पर्धकावर का चालावे, असे मी विचारले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पेट्रोल पंपाचा उल्लेख त्यात नव्हता. त्या मैदानात मी एकटाच भारतीय चेहऱ्याचा होतो, आणि म्हणून माझ्यावर संशय घेणे त्यांना सोपे गेले, असेही मी बायकोला सांगितले. अपमानाचे अनुभव मला तिथे आले आहेत, ते मी नाकारणार नाही, पण त्या शनिवारी मी त्यांचा आधार घेतला तो सोयीसाठी, हे मला आज कबूल केले पाहिजे. सवलत देणाऱ्या कंपनीचे दोन ओळींचे पत्र आठवड्याभरात आले. तिच्यावर माझा राग नाही.

तेव्हाचा मी आजच्या माझ्याशी अजून भांडतो. तो म्हणतो, २०१८ पासून बाजारात असलेले सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे टिपणारे यंत्र, होडीच्या पुढचा मासा पडद्यावर जिवंत हलताना दाखवते, हजारो डॉलर मोजणाऱ्याला ती माहिती तेव्हा खुशाल घेता येत होती, मग पंपावरच्या म्हाताऱ्याचे एक वाक्य पाप कसे? मी म्हणतो, सोनारचा नियम सर्वांना सारखा होता आणि त्या वाक्याचा फायदा मला एकट्याला झाला. तो म्हणतो, खूण तर तुझीच होती, तू तिथे गेलाच असतास. यावर माझ्यापाशी उत्तर नाही, कारण गेलो असतो की नाही हे मला खरोखरच सांगता येत नाही.

म्हणून तुम्ही शिशाबद्दल विचारता तेव्हा मी चिडतो. त्या चित्रफितीनंतर काही ठिकाणी माशांवरून धातुशोधक फिरवू लागले, आणि खेळ स्वच्छ झाला असे लोक समाधानाने म्हणतात. माझ्या माशांवरून तो दिवसभर फिरवला असता तरी काही सापडले नसते.

त्यानंतर मी स्पर्धेत उतरलेलो नाही. होडीचे हप्ते अजून चालू आहेत. जोडीदार मात्र दर फेब्रुवारीत फोन करतो, यंदाही केला. या वेळी त्याने प्रवेशअर्ज स्वतःचा भाग भरून पाठवला आहे. त्याची मुलगी आता शाळेच्या बास संघात आहे आणि तिला आमच्याबरोबर सराव करायचा आहे. त्याला मराठी येत नाही. पंपावरचा प्रसंग मी त्याला अजून सांगितलेला नाही. अर्जावर माझ्या सहीची जागा रिकामी आहे, तिच्या वरच्याच ओळीत चाचणीला संमती असल्याचे छापलेले आहे, आणि शुल्क भरण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.