टाइनम: वाडा गेला, मजुरांची घरं उरली

इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्याला जाणार असाल तर टाइनमसाठी अर्धा दिवस काढाच, पण आधी तारीख बघा. गाव ब्रिटिश लष्कराच्या लुलवर्थ सराव क्षेत्रात आहे. फाटक उघडतं ते बहुतेक शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत. तारखा सरकारी संकेतस्थळावर मिळतात. रेल्वेने वेअरहॅम स्टेशनला उतरा. तिथून टॅक्सी, नाहीतर स्वतःची गाडी.

नोव्हेंबर १९४३ मध्ये रणगाड्यांच्या सरावासाठी गाव रिकामं करायची नोटीस आली. १९ डिसेंबरपर्यंत सव्वादोनशे माणसं बाहेर. जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली: घरं जपा, आम्ही एक दिवस परत येऊ. युद्ध संपलं, तरी १९४८ मध्ये लष्कराने सक्तीच्या भूसंपादनाने जमीन कायमची घेतली. बहुतेक गावकरी बाँड या जमीनदार घराण्याची कुळं. जमिनीचा मोबदला मालकाला, कुळांच्या हाती परसातल्या भाजीपाल्याचे पैसे! धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही.

बाँडांचा वाडा सोळाव्या शतकातला, म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळचा. १६८३ पासून त्यांच्या ताब्यात. तो बघायला म्हणून जाऊ नका. १९६०च्या दशकात बराचसा पाडला, राहिलेलं झाडीत दडलंय आणि तिकडे प्रवेश बंद. आपल्याकडे गढीचे बुरूज टिकतात, भोवतालची घरं मातीला मिळतात. इथे नेमकं उलटं झालंय. मजुरांच्या घरांची दगडी रांग उभी आहे. छप्पर नाही, वरचा मजलाही नाही, त्यामुळे माडीवरच्या खोलीची शेकोटी भिंतीत अधांतरी दिसते. खाली उभं राहून बघताना खोली केवढी लहान असेल याचा अंदाज येतो. मला तरी ही शेकोटी कुठल्याही दिवाणखान्यापेक्षा जास्त बोलकी वाटली.

शाळा युद्धाच्या कितीतरी आधी, १९३२ मध्येच, पटसंख्येअभावी बंद पडली होती; आता ती छान डागडुजी करून मांडली आहे. चर्चमध्ये गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे, आधी तेच बघा म्हणजे पडक्या भिंतींत कोण राहत होतं ते कळतं.

पुढे वॉरबॅरो उपसागरापर्यंत वीसेक मिनिटांची वाट आहे. पिवळ्या खांबांच्या मधूनच चाला. गवतात लोखंडाचा तुकडा दिसला तर हात लावू नका, न फुटलेले गोळे अजून सापडू शकतात. मुलांना हे गाडीतच बजावा. स्वच्छतागृह आहे, दुकान-हॉटेल काही नाही. डबा आणि पाणी घरूनच न्या.