काळ्या मातीचे पाणी आणि दीड हजारांच्या आतला फिल्टर : पावसाळी नोंद

मागील नोंदीत ज्या स्वस्त हॉलो फायबर (पोकळ तंतूंच्या सच्छिद्र भिंतींतून पाणी गाळणाऱ्या) फिल्टरची मी मनापासून शिफारस केली होती, त्याने श्रावणात यावलकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या एका नाल्यावर मान टाकली. हिवाळ्यात तोरणमाळच्या यशवंत तलावाचे पाणी गाळताना लिटरभराला तीन मिनिटे पुरत होती. येथे मात्र पहिली बाटली कशीबशी गाळून झाली आणि दुसरी निम्म्यावर असतानाच धार थेंबांवर आली. बाकीच्या सामानाची, म्हणजे हेडटॉर्चची आणि ताडपत्रीची, तुलना त्यामुळे पुढे ढकलली असून ही संपूर्ण नोंद गढूळ पाण्यालाच दिली आहे.

दोष फिल्टरचा की पाण्याचा, हे आधी ठरवणे आवश्यक होते. स्वस्त नकलांमध्ये आतला एखादा तंतू तुटलेला असण्याची भीती असते, म्हणून भिजलेल्या फिल्टरमध्ये सिरिंजने हलकी हवा भरून त्याचे दुसरे तोंड पाण्यात धरले. तंतूंच्या भिंतीचा पडदा ओला असताना त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा सहजासहजी जात नाही. बुडबुड्यांची सलग माळ दिसली तर तंतू फाटला आहे असे समजावे. माझ्या फिल्टरमधून बुडबुडे आले नाहीत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘0.01 मायक्रॉन’ (छिद्रांचे माप; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ‘एक लाख लिटर’ असे छापणारा विक्रेता चाचणीचा एकही अहवाल सोबत देत नाही, तंतू कशाचे आहेत हेही सांगत नाही. तेव्हा ही दोन मिनिटांची परीक्षा प्रत्येकाने नव्या फिल्टरवर करून घ्यावी.

पडदा शाबूत होता, म्हणजे दोष पाण्याचा. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते आणि तिचे कण दोन मायक्रॉनहूनही बारीक असतात. या कणांवर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, एकत्र येऊन जड होत नाहीत आणि भांडे रात्रभर ठेवले तरी पाणी चहासारखेच राहते. चार पदरी सुती कापडातून हे कण सरळ निघून जातात आणि तंतूंच्या पृष्ठभागावर लेप धरून बसतात. बॅकफ्लशने, म्हणजे सिरिंजने उलट दिशेने पाणी दाबून, धार थोडा वेळ सुधारते, पण त्यासाठी गाळलेलेच स्वच्छ पाणी खर्ची पडते, म्हणजे मिळवलेल्यातले निम्मे फिल्टरलाच परत पाजावे लागते. व्हिनेगरमध्ये भिजवून काहीही साधले नाही, आणि ते अपेक्षितच होते; व्हिनेगर विहिरीच्या जड पाण्याचा क्षार विरघळवते, चिकणमाती नव्हे.

यानंतर ठिबक सिंचनाचा डिस्क फिल्टर (चकत्यांची जाळी) या फिल्टरच्या आधी जोडावा असे मनात आले. जळगावच्या ठिबक साहित्याच्या दुकानात तो पाहिलाही, परंतु 120 मेशचा डिस्क फिल्टर साधारण 130 मायक्रॉनपर्यंतचा कचरा अडवतो. लळिंग किल्ल्यावरच्या टाक्यांतील शेवाळ आणि पालापाचोळा यांसाठी तो उत्तम, या मातीसाठी निरुपयोगी. तो बेत सोडला, मात्र त्याच दुकानातून ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी), टेक-ऑफ (नळी जोडायचा तुकडा), 16 एमएमचा कॉक (तोटी) आणि हातभर लॅटरल (ठिबकची नळी) घेऊन आलो, आणि या नोंदीतला सर्वांत समाधानाचा भाग त्यातून जमला. दहा लिटरच्या कॅनला तळापासून चार बोटे वर भोक पाडून टेक-ऑफ बसवला, त्यामुळे पुढे सांगितलेल्या तुरटीने खाली बसलेला गाळ न ढवळता वरचे निवळलेले पाणी काढता येते. एकच ग्रोमेट मागितले तरी तोंड वाकडे न करणारे आणि भोक किती मिलिमीटरचे पाडावे हे आपण होऊन सांगणारे असे दुकान ऑनलाइन बाजारात सापडणार नाही.

आता मूळ उपाय, म्हणजे तुरटी. तुरटीतील ॲल्युमिनियम कणांवरचा ऋणभार शमवते, हायड्रॉक्साइडचे भुसभुशीत पुंजके तयार होतात आणि त्यांत अडकून माती खाली बसते. खडा पाण्यात फिरवण्याची घरगुती रीत चालते, पण मात्रा कळत नाही. म्हणून पाच ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून द्रावण शंभर मिलीपर्यंत भरले. त्याच्या प्रत्येक मिलीत 50 मिलिग्रॅम तुरटी येते, आणि बॅकफ्लशची सिरिंजच मापाला उपयोगी पडते. जलशुद्धीकरण केंद्रात करतात तशी जार टेस्ट बाटल्यांवर करून ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी निवळले ती निवडली. त्या नाल्याच्या पाण्याला दहा लिटरमागे सहा मिली, म्हणजे लिटरला 30 मिलिग्रॅम, पुरेसे ठरले. अधिक गढूळ पाण्याला अधिक लागेल. द्रावण घातल्यावर मिनिटभर जोराने आणि नंतर दहा मिनिटे अगदी सावकाश ढवळावे, कारण घाईने पुंजके फुटतात. तासाभराने काढलेले पाणी फिल्टरमधून लिटरला चार मिनिटांत उतरले आणि पूर्ण कॅन संपेपर्यंत बॅकफ्लशची गरज पडली नाही.

निवळीचे बी भांड्याला आतून घासण्याची जुनी रीतही हेच काम करते, परंतु निवळी आणि विषारी कुचला एकाच कुळातले असल्याने पक्की ओळख नसलेल्याने जंगलात बी गोळा करू नये.

फिल्टरनंतर क्लोरीनची गोळी टाळू नये, कारण खोक्यावरच्या 0.01 च्या दाव्याला पुरावा नाही आणि काविळीचे विषाणू 0.1 मायक्रॉनच्या छिद्रांतून पार होऊ शकतात. क्रम मात्र हाच ठेवावा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होते. ग्रामपंचायतीकडील टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बाटलीसाठी वापरण्याच्या मी विरोधात आहे, कारण उघड्या पोत्यातील पावडरीचा जोर ओलाव्याने किती उतरला आहे हे समजत नाही. कापूस आणि केळीच्या शेतांतून वाहून आलेल्या पाण्यावर यांपैकी कोणताही उपाय लागू नाही. फवारणीची औषधे गाळून वा उकळून भरवशाने जात नाहीत, म्हणून पाणी शेतांच्या वरच्या अंगालाच भरावे.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट सुचली. मातीच्या प्रयोगशाळेत चिकणमातीचे कण सुटे करण्यासाठी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि धुण्याचा सोडा वापरतात. मग तंतूंवरचा लेपही त्याने सैल व्हायला हवा. चांगल्या फिल्टरवर हा प्रयोग करणार नाही, कारण काही जातींच्या तंतूंना सोड्यासारखा अल्क सोसत नाही. अडगळीत पडलेला जुना फिल्टर सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून, धुऊन, आधी बुडबुड्यांची परीक्षा आणि मग लिटरचा वेळ मोजणार आहे. शिरपूर आणि तळोदा भागातील मंडळींनी आपल्याकडील नाल्याच्या पाण्यावर तुरटीची मात्रा आणि लिटरचा वेळ मोजून कळवावा. फिल्टरला लावायची बाटली सोडावॉटरची किंवा शीतपेयाची घ्यावी, कारण पाण्याच्या बाटल्यांचे आटे कंपनीगणिक बदलतात आणि फिल्टर तेथे गळतो.