नागपूर ते दोहा: तिकिटावरची वेळ फसवते

नागपूर ते दोहा हवाई अंतर सुमारे 2,850 किलोमीटर. जेट विमान ताशी 850 ने उडतं, म्हणजे हिशेबाने 3 तास 21 मिनिटं. पण हिवाळ्यात वरती पश्चिमेचं वारं असतं. समोरून ताशी 100 चा वारा लागला की वेग 750 वर येतो आणि जाताना 3 तास 48 मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीशी, तीनच तास. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा तास वेगळा धरा.

खरी गफलत घड्याळाची. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पहाटे 4 ला सुटून 6 ला पोचणारं विमान दोन तासांचं नव्हे, साडेचार तासांचं! तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिकच असतात.