बिकिनीचा नारळ सोलायचा, खायचा नाही

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी क्वाजालीनहून निघालेली आमची बोट बिकिनी या प्रवाळबेटाच्या लगूनमध्ये (बेटांच्या कड्यातल्या उथळ समुद्रात) शिरली, तेव्हा समोर दिसली चक्क माडांची बाग. माड सरळ रांगेत, मोजून अंतर सोडून लावलेले. कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, हे रान नव्हे, लागवड आहे.

१९४६ मध्ये इथल्या १६७ लोकांना हलवून अमेरिकेनं १९५८ पर्यंत २३ अणुस्फोट केले. १ मार्च १९५४ चा ‘कॅसल ब्राव्हो’ एकटाच १५ मेगाटनांचा (म्हणजे दीड कोटी टन टीएनटी स्फोटकाइतका), हिरोशिमाच्या हजारपट. नंतर साफसफाई झाली, हे माड लावले आणि सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परत आली.

मी नमुने गोळा करणाऱ्या गटाबरोबर होतो, हमाल म्हणा ना. हातातल्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गॅमा मापकानं जरा निराशाच केली, आकडा फार मोठा नव्हताच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बिकिनीवरच्या किरणोत्सर्गाची सरासरी वर्षाला १.८४ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) निघाली. ठरवलेल्या १ च्या मर्यादेपेक्षा ती जास्त आहेच, पण केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूमुळे कित्येक घरांत याहून जास्त भरते.

खरी भानगड नारळात आहे. प्रवाळाच्या चुनखडी वाळूत पोटॅशियम जवळजवळ नाहीच, आणि स्फोटांतून उरलेलं किरणोत्सर्गी सीझियम-१३७ पडलं पोटॅशियमचं भाऊबंद. झाड तेच शोषून घेतं. म्हणून शहाळं सोलायचं, पाणी बाटलीत, खोबरं वेगळ्या पिशवीत, दोन्हींवर झाडाचा क्रमांक. बुंध्याशी खणून ४० सेंटिमीटरपर्यंतची माती थराथरानं घ्यायची. कोयता बसला की ओल्या खोबऱ्याचा तोच आपला वास येतो, तोंडाला पाणी सुटतं आणि पिशवीचं तोंड बांधावं लागतं. रात्री जेवायला मात्र लगूनमधलाच मासा! समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे माशात सीझियम फारसं साठत नाही.

परतलेली कुटुंबं हेच नारळ खात होती. त्यांच्या अंगातलं सीझियम वाढत गेलं आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उठवलं.

माडांना पोटॅशियमचं खत घातलं की नारळातलं सीझियम सुमारे दहाव्या हिश्शावर येतं, हे अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं इथेच प्रयोग करून दाखवलंय. दुसरा उपाय म्हणजे बेटाची वरची माती खरवडून काढणं. त्यात सीझियम जातं, पण झाडं आणि जो काही थोडा कस आहे तोही जातो. मला खताचा उपाय पटतो. पण दोनदा उठवलेल्या माणसांना ‘आता खत घातलंय, खुशाल खा’ असं सांगायला मी काही जाणार नाही.