आमची वाटचाल : जोखीम मोजण्याचा व्यवसाय

२००७ साली पुण्यातून वित्त विषयात एमबीए करून मी बाहेर पडलो, तेव्हा जोखीम म्हणजे चढउतार आणि चढउतार म्हणजे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप), एवढी व्याख्या मला पाठ होती. कॅम्पसमधूनच मुंबईतील एका सल्लागार संस्थेत नोकरी लागली. बँकांनी जोखमीच्या प्रमाणात किती भांडवल राखावे हे सांगणारे बासेल २ चे आंतरराष्ट्रीय नियम भारतातील बँकांना मार्च २००८ आणि मार्च २००९ अशा दोन टप्प्यांत लागू व्हायचे होते, त्यामुळे आमच्यासारख्या नवख्यांनाही भरपूर काम होते. कर्जदार थकण्याची शक्यता किती आणि थकला तर बुडणारी रक्कम किती, याची कोष्टके आम्ही रात्री उशिरापर्यंत भरत असू. दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत ज्यांची शक्यता मी मांडत होतो, त्यांपैकी एकाचाही कारखाना मी पाहिलेला नव्हता आणि त्या वेळी ते मला खटकतही नव्हते.

खटकले ते २००८ च्या अखेरीस. त्याच्या आदल्या वर्षी डॉलर ४० रुपयांच्या खाली आला होता आणि तो आणखी घसरणार या धास्तीने अनेक निर्यातदारांनी पुढील कित्येक महिन्यांत येणारे डॉलर त्याच भावाने आधीच विकून ठेवले होते. काहींनी तर स्वतःला न उमगलेले ऑप्शनचे (ठरलेल्या भावाने चलन घेण्या-विकण्याच्या हक्काचे) करारही केले होते. लेहमन ब्रदर्स बुडाल्यानंतर डॉलर ५० च्या पलीकडे गेला. सुट्टीवर कोल्हापूरला आलो असताना वडिलांच्या परिचयाचे एक फाउंड्रीमालक (धातूच्या ओतकामाचा कारखाना चालवणारे) असाच एक करार पिशवीत घालून घरी आले. "बाळा, यात आमचं जास्तीत जास्त किती बुडू शकतं, तेवढं सांग," असे ते म्हणाले. उत्तर काढायला मला दोन तास लागले, आणि ते आकड्यात येतच नव्हते, कारण त्या करारात तोट्याला मर्यादाच नव्हती. सही करण्यापूर्वी हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता, कारण विचारावा असा माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता. नोकरी सोडायला मात्र मला आणखी चार वर्षे लागली. घराचे हप्ते होते.

२०१२ मध्ये कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका खोलीत दोन टेबले मांडून आम्ही उद्योजकांना जोखमीबद्दल सल्ला देण्याचे काम सुरू केले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत दारोदार फिरताना पहिले वर्षभर एकच प्रश्न ऐकू येत असे : "सीए आहेत की आमचे, मग तुम्ही नेमकं काय करणार?" प्रश्न रास्त होता. सीए झालेल्या वर्षाचा हिशेब तपासतात आणि आम्ही न झालेल्या वर्षाबद्दल बोलणार, असे मी सांगत असे, पण न झालेल्या वर्षासाठी पैसे मोजायला कोण तयार होणार? त्यामुळे पहिली दोन वर्षे आमचे पोट कॅश क्रेडिटच्या (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जमर्यादेच्या) नूतनीकरणासाठी बँकेला लागणारी सीएमएची, म्हणजे मागील व अंदाजित हिशेबांची, कोष्टके आणि प्रकल्प अहवाल तयार करण्यावर भरले. त्या कामात मंजूर रकमेवर टक्का घेण्याची पद्धत सर्रास आहे. आम्ही ती पहिल्या दिवसापासून टाळली, कारण कर्ज जितके मोठे तितके आपले शुल्क मोठे असे एकदा ठरले की "कर्ज कमी घ्या" हा सल्ला तोंडातून निघत नाही. या निर्णयामुळे कामे हातची गेली, हेही खरे.

सल्लागार म्हणून आमची ओळख एका साध्या गुणाकाराने झाली. वर्षाला सुमारे १२ कोटींची विक्री असलेल्या एका फाउंड्रीचे निम्म्याहून अधिक काम पुण्याकडच्या एकाच खरेदीदाराचे होते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करावीत असा २००६ चा कायदा असताना या फाउंड्रीला विक्रीचे पैसे मिळायला सरासरी ७५ दिवस लागत होते. रोजची विक्री सुमारे ३.३ लाख, म्हणजे वरच्या ३० दिवसांत जवळजवळ १ कोटी रुपये अडकलेले, आणि ११ टक्के दराने त्याचे व्याज वर्षाला ११ लाखांच्या घरात. शिवाय ९० दिवसांवर गेलेले येणे ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे माल आणि येणे यांवर बँक जितकी उचल देते त्या हिशेबातून, वगळले जाते, म्हणजे पैशाची सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हाच बँकेची मर्यादा आकसते. मालकांनी कागद उलटा करून पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने हिशेब केला आणि मगच आमचे शुल्क विचारले. त्याच वर्षी आमच्या स्वतःच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग एका ग्राहकाकडून येत होता आणि त्याने आमचे बिल सात महिने थकवले होते, ही गोष्ट मी त्या बैठकीत सांगितली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने आम्हाला जे दाखवले, ते लिहिणे अजूनही जड जाते. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या एका घाऊक व्यापारी ग्राहकाचे गोदाम नदीकडच्या पेठेत होते. गोदामात १ कोटी ६० लाखांचा माल होता आणि विमा होता ८० लाखांचा, कारण बँकेच्या कर्जाची मर्यादा तेवढी होती आणि विम्याची रक्कम तीवरूनच धरलेली होती. नुकसान ६० लाखांचे झाले. विमा ८० लाखांचा आहे, तेव्हा ६० लाख पूर्ण मिळतील अशी त्यांची समजूत होती. परंतु मालाचा विमा निम्म्याच किमतीचा उतरवलेला असला तर भरपाईही निम्मीच, हा सरासरीचा नियम लागू होऊन हाती ३० लाख आले.

ही त्रुटी आमच्या लक्षात आलेली होती. पुराआधी पाच महिने दिलेल्या अहवालात ती आम्ही नोंदवलीही होती : ४२ पानांच्या अहवालात ३१ व्या पानावर, परिशिष्टात, एका कोष्टकाच्या तळटिपेत. ते व्यापारी मला एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हापासून आमचा अहवाल दोन पानांचा आणि मराठीत असतो, आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत "जास्तीत जास्त किती बुडू शकते" याचा आकडा असतो.

करोनाच्या वर्षात सरकारी हमीवरील आपत्कालीन कर्ज, म्हणजे शिल्लक कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत वाढीव रक्कम, पात्र असलेल्या सर्वांनाच देऊ केले गेले. ज्यांना गरज नव्हती त्यांनी ते घेऊन जागा घेतल्या, आणि तेव्हा आमचे कोणी ऐकले नाही. ज्यावरून कर्जांचे व्याज ठरते तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवरून चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर पोहोचला, तेव्हा तीच मंडळी परत आली. लघुउद्योगांना उशिरा दिलेल्या देण्यांवर खरेदीदाराला मिळणारी वजावट रोखणारी आयकराची तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाल्यावर आमच्या ग्राहकांना पैसे लवकर मिळतील असे मी ठामपणे सांगितले होते. काहींना मिळालेही. मात्र एका खरेदीदाराने आमच्या ग्राहकाला लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी उद्यम नोंदणीच रद्द करून घ्यायला सुचवले. ही शक्यता माझ्या कोष्टकात कुठेच नव्हती.

आज आम्ही पाच जण आहोत. नव्याने रुजू झालेली सहकारी एमबीए आहे आणि तिची सूत्रे माझ्यापेक्षा पक्की आहेत. पहिला महिना तिला संगणक दिला नाही. वही देऊन कागलच्या एका कारखान्यात माल मोजायला पाठवले. चौथ्या दिवशी ती विचारत आली की स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे बँकेला द्यायच्या मालाच्या यादीत, तयार माल म्हणून दाखवलेली १८ टन कास्टिंग (ओतीव भाग) कडुलिंबाखाली पावसात का पडली आहेत. ग्राहकाने नाकारून परत पाठवलेला तो माल होता, आणि गेली दोन वर्षे आम्हीही तो पूर्ण भावाने धरत आलो होतो. मी गाडीची किल्ली उचलली आणि तिच्याबरोबर कागलला गेलो.