पंखा बंद, पीसी चालू : टेस्ट बेंचच्या नोंदी

पंखा थांबला तर प्रोसेसर स्वतःला कसा वाचवतो हे बघायचं होतं. बेंच (केसबाहेर उघड्यावर जुळवलेला पीसी) मागेच तयार ठेवला होता, आता प्रत्यक्ष तापवातापवी. एच११० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर इंटेलचा आय५-६५०० प्रोसेसर आणि बॉक्ससोबत येतो तो ॲल्युमिनियमचा कूलर. सगळा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा सेकंडहँड, त्यामुळे जळलाच तर फार हळहळ नाही. खोलीत मे महिन्यातले ३३ अंश, एसी मुद्दाम बंद.

बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीपीयू फॅनचं मॉनिटरिंग ‘इग्नोर’वर टाकलं, नाहीतर बोर्ड सुरुवातीलाच अडून बसतो आणि एफ१ दाबायला लावतो. लिनक्सवर प्रोसेसरच्या चारही कोअरना (गणना करणाऱ्या भागांना) पूर्ण ताण देणारी स्ट्रेस टेस्ट लावली आणि पंख्याची चार पिनांची वायर उपसली. पंखा फिरत होता तोवर कोअर सत्तरीच्या आत होते. वायर निघाली तसा आकडा चढत गेला, १०० ला टेकला आणि तिथेच राहिला. घसरली ती फ्रिक्वेन्सी, म्हणजे प्रोसेसरचा वेग. ३.३ गिगाहर्ट्झवरून आधी दोनच्या खाली, मग दीडच्या आसपास. टेस्ट मात्र चालूच, हँग नाही की एरर नाही. तापमानाचा आलेख सपाट, फ्रिक्वेन्सीचा करवतीच्या दात्यांसारखा.

ते दाते का पडतात? कोअरमधला डिजिटल सेन्सर ‘इतके अंश’ असं सांगतच नाही, मर्यादेपासून आपण किती खाली आहोत एवढंच सांगतो. या चिपची मर्यादा १००. तिथे पोचलं की आतलं सर्किट आधी मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) आणि व्होल्टेज उतरवतं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणून खरा फायदा व्होल्टेज उतरवण्यात. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा उपाय : प्रोसेसरला ताल देणारं क्लॉकच काही मायक्रोसेकंद थांबवायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा थांबवायचं. जरा निवलं की वेग परत वर, की पुन्हा १००. हे सगळं प्रोसेसर स्वतःच करतो, विंडोज किंवा लिनक्सला विचारत नाही.

आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. संरक्षण इतकं गुपचूप चालतं की बिघाड झाकला जातो. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका कित्येक महिने म्हणत होते, “अरे, पीसी म्हातारा झाला, नवीनच घ्यायला हवा.” दुकानदारानेही एसएसडी टाकायला सांगितलेली. मी केस उघडली तर पंखा जाम, पात्यांवर धुळीचा काळा चिकट थर आणि हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या ठोकळ्याच्या) फटीत अक्षरशः नमदा बसलेला. “मग हा इतके दिवस चालला कसा?” काकांचा प्रश्न रास्त होता. ब्रशने साफसफाई, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये नवी थर्मल पेस्ट, नवा पंखा. एसएसडीचा विषय संपला.

पुढचा प्रयोग हीटसिंकच काढून, त्यासाठी पेंटियम जी४४०० प्रोसेसर. पीसी सुरू झाला, डेस्कटॉपही आला, पण ८०० मेगाहर्ट्झवर. मेनू उघडायलाही वाट बघायची. त्यावर लोड टाकला आणि पटकन अंधार. हा थर्मट्रिप, म्हणजे प्रोसेसरचा शेवटचा बचाव. इंटेलच्या डेटाशीटप्रमाणे या पिढीत साधारण १३० अंशांपलीकडे प्रोसेसर सगळं काम थांबवतो आणि एका पिनवरून बोर्डाला इशारा देतो, बोर्ड वीज तोडतो. ऑपरेटिंग सिस्टिमला सेव्ह करायलाही सवड नाही. लिनक्सच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) ‘क्रिटिकल टेंपरेचर रीच्ड’ दिसलं तर समजा की लिनक्सने रीतसर शटडाउन केलंय. लॉग मध्येच तुटला असेल तर थर्मट्रिपचा संशय घ्या, अर्थात पॉवर सप्लाय आधी तपासून.

२००१ मधला टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटचा व्हिडिओ जुन्या मंडळींना आठवत असेल. चालू पीसीवरून हीटसिंक उचलला तर पेंटियम ४ वरचा गेम अडखळत का होईना चालू राहिला, पेंटियम ३ हँग झाला पण वाचला, आणि एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. त्या थंडरबर्ड ॲथलॉनच्या आत सेन्सरच नव्हता. बोर्डावर सॉकेटच्या पोकळीत थर्मिस्टर (तापमान मोजणारा सुटा भाग) असायचा, त्याला ऊब लागेपर्यंत चिपचा कोळसा.

उलटा प्रकारही असतो. कोअर ५० अंशांवर, तरी वेग ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेला. प्रॉकहॉट ही ‘प्रोसेसर तापला’ असा इशारा देणारी पिन दोन्ही बाजूंनी चालते. व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणारं बोर्डावरचं सर्किट) तापलं किंवा लॅपटॉपला चार्जर ओळखू आला नाही तर बोर्डही त्या पिनवरून इशारा देऊन वेग उतरवू शकतो. अशा वेळी पेस्ट बदलत बसणं म्हणजे वेळ आणि पेस्ट दोन्ही वाया.

म्हणून मी आता तापमानाकडे कमी आणि थ्रॉटल काउंटकडे, म्हणजे तापल्यामुळे वेग किती वेळा उतरवला या आकड्याकडे, जास्त बघतो. लिनक्समध्ये प्रत्येक कोअरच्या ‘थर्मल थ्रॉटल’ फोल्डरमध्ये हा आकडा मिळतो, विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची ओळ बघा. घरच्या पीसीवर छोटी स्क्रिप्ट बसवली आहे. आकडा वाढला की फोनवर मेसेज येतो. काकांच्या पीसीवरही तीच टाकली, फक्त मेसेज माझ्याकडे येतो.

पुढची फेरी व्हीआरएमची. हा कूलर हवा खाली फेकतो, ती आजूबाजूच्या मॉस्फेटनाही (व्हीआरएममधल्या तापणाऱ्या स्विचना) लागते. पंखा थांबला की प्रोसेसर स्वतःला सांभाळतो, पण या बोर्डवरच्या मॉस्फेटवर ना हीटसिंक ना सेन्सर. मल्टिमीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवून झाला आहे, रीडिंग आले की टाकतो.