तांबटकाकांचा सत्कार

आज संध्याकाळी नाशिकला गंजमाळच्या रोटरी हॉलमध्ये रोटरी क्लबच्या व्यवसाय सेवा पुरस्कारांचा कार्यक्रम झाला. सातपूर-अंबडचे उद्योजक होते, निफाडचे एक द्राक्ष बागायतदार होते. त्यांचं काम मोठंच आहे. पण जुन्या नाशकातल्या एका तांबटकाकांचं नाव पुकारलं, तेव्हा मन अगदी भरून आलं.

पितळी घागरी आणि पातेली हातानं ठोकत काकांनी उभं आयुष्य काढलं. स्टील आलं, गिऱ्हाईक कमी झालं, पण पत्र्याच्या जाडीत किंवा वजनात त्यांनी कधी खोट केली नाही. शाल-श्रीफळ देताना सगळं सभागृह उभं राहिलं. काकू पहिल्या रांगेत डोळे पुसत होत्या.

रोटरीत आपलं बोलणं-वागणं तपासायला चार प्रश्नांची एक कसोटी म्हणतात. १९३२ च्या सुमारास हर्बर्ट टेलर यांनी ती लिहिली, तीसुद्धा शिकागोतल्या एका डबघाईला आलेल्या भांड्यांच्याच कंपनीसाठी! पहिलाच प्रश्न: हे सत्य आहे का? काकांनी तो न वाचताच पाळला.

क्लबने असेच हात शोधत राहावेत. पुढच्या वर्षी पंचवटीतल्या एका सुईणबाईंचं नाव मी सुचवणार आहे. तुमच्या माहितीत कुणी असेल तर नक्की कळवा.